नळ्या काढल्या आणि दार अडकलं

डॉक्टरांची तक्रार ऐकून मी थोडा बुचकळ्यात पडलो. "गाडी कडक झालीय रे, पण एक गाडी चालवतोय असं वाटत नाही. पुढचं वळतं, मागचं मागाहून येतं." निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन, मूळचे साताऱ्याचे. मँचेस्टरच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आमची ओळख झाली. मी कोल्हापूरचा, आता शहराच्या दक्षिणेला एका छोट्या गॅरेजात सस्पेन्शनचं काम बघतो. दोघांनाही गाड्यांचं वेड, त्यामुळं जमलं.

त्यांची गाडी १९९४ची युनॉस रोडस्टर, कापडी छपराची उघडी गाडी. माझ्दाची एमएक्स-५ जपानात याच नावानं विकली जायची. अशा कितीतरी गाड्या पुढं वापरलेल्या अवस्थेत ब्रिटनमध्ये आल्या. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला खालून गंजरोधक लेप नसायचा, आणि इथं तर हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. चेशरमधल्या विन्सफर्डला त्या मिठाची खाण आहे, आमच्यापासून फार लांब नाही. म्हणून या गाड्यांच्या बाबतीत मी आधी खालचा पत्रा बघतो, बाकी सगळं नंतर.

डॉक्टरांना मात्र पत्रा नव्हे, नळ्या दाखवायच्या होत्या. दुसऱ्या एका गॅरेजनं त्यांना पुढच्या दोन्ही शॉकअबच्या (शॉक अॅब्सॉर्बरच्या) टॉवरना, म्हणजे त्यांची वरची टोकं बसतात त्या पत्र्याच्या खांबांना, जोडणारा चकचकीत अॅल्युमिनियमचा बार बसवून दिला होता. खाली फरशीच्या दोन पट्ट्यांना जोडणारी फुलीच्या आकाराची फ्रेमही होती. आता त्यांना सीटमागं रोल बार, म्हणजे डोक्यामागची नळीची कमान, हवा होता. "तो टाकला की मागचंही पुढच्याबरोबर येईल ना?"

इथं जरा आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल. बंद गाडीत छप्परही पीळ सोसतं. उघड्या गाडीला छप्पर नाही, तेव्हा तो सगळा भार दोन सीटमधल्या पत्र्याच्या उंचवट्यावर, म्हणजे बोगद्यावर, आणि दाराखालच्या दोन लांब पेट्यांवर, म्हणजे सिलवर येतो. एका चाकाखाली खड्डा आला की गाडी चिंधीसारखी पिळवटू पाहते, स्टिअरिंग थरथरतं, आरसा हलतो. हे माझ्दालाही ठाऊक होतं. १.८ लिटरचं इंजिन दिलं तेव्हा त्यांनी स्वतःच सीटमागं आणि सबफ्रेमपाशी, म्हणजे सस्पेन्शन जिला जोडतात त्या खालच्या चौकटीपाशी, जादा आधार घातले. त्यामुळं बार घालणं हा प्रकारच चुकीचा आहे, असं मी कधीच म्हणत नाही.

पण कुठला बार, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतच नाही. पुढचा टॉवर बार सगळ्यांना हवा असतो, कारण बॉनेट उघडलं की तो दिसतो. ज्या गाडीत शॉकअबच चाकाला वरून धरून ठेवतो, त्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत त्याला अर्थ आहे. तिथं वळणावर चाकाचा आडवा जोर वर टॉवरपर्यंत पोचतो. या गाडीला मात्र चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आडवे हात, आहेत आणि दोन्ही विशबोन सबफ्रेमला जोडलेले. आडवा जोर सबफ्रेममध्ये जातो, टॉवरवर फक्त स्प्रिंग-शॉकअबचा भार येतो. म्हणजे जिथं काम थोडं, तिथंच बार. त्यातून डॉक्टरांचा बार इंजिनाला वळसा घालून वाकलेला, टोकांना बिजागरीसारखे सांधे. सरळ नळी दाब आणि ताण सरळ झेलते. वाकडी नळी भार आला की आणखी वाकते, म्हणजे ती स्प्रिंगच झाली. असे बार बनवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पॉलिश उत्तम करतात, गणित करत नाहीत.

खालची फुली मात्र कामाची वस्तू. फरशीचा चौकोन तिरका होऊ पाहतो, त्याला ती अडवते. म्हणून आधी ती तपासायला घेतली. टॉर्क पाना लावला तर बोल्ट सहज फिरू लागले. कारण लगेच दिसलं. फुलीचे कंस (ब्रॅकेट) थेट काळ्या लेपावर बसवलेले होते. बोल्टचा सांधा दोन धातू एकमेकांवर आवळून निर्माण होणाऱ्या घर्षणावर चालतो. मध्ये डांबरासारखा मऊ थर राहिला की तो दबत जातो, आवळ सुटत जाते आणि शेवटी बार नुसता लोंबकळतो. शिवाय पातळ पत्र्याच्या पोकळ पट्टीतून बोल्ट आरपार नेताना आत नळीचा तुकडा घालायचा असतो, नाहीतर आवळताना पट्टीच चेपते. तोही नव्हता.

फुली काढली. गाडी खाली घेतली आणि सवयीनं ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा कोपरा जॅकवर उचलून दार उघडायला गेलो. उघडेना. कुलपापाशी वरची फट मिटली होती, म्हणजे गाडी मधे वाकली होती. फुली काढण्याआधी हीच चाचणी केली होती, तेव्हा दार आरामात उघडलं होतं. मी फुली परत बसवली, तात्पुरती घट्ट केली, पुन्हा उचलून बघितलं. दार उघडलं. पुन्हा काढली. अडकलं.

आमच्या गॅरेजच्या मालकांना हाक मारली. त्यांनी एकच शब्द उच्चारला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

सिलवर ठोकत गेलो. पुढं टणटण, मागच्या चाकाजवळ आवाज बसका. रंगाखाली लांबी (पुट्टी), लांबीखाली जाळी, जाळीमागं फुगणारा फोम. आतला पत्राही गेलेला. मूळ कारण नेहमीचंच होतं. कापडी छपरावरचं पाणी सीटमागून दोन नळ्यांनी खाली उतरतं. त्या पानांनी तुंबल्या की पाणी सिलमध्ये साचतं. छपराच्या नळ्या साफ करायला वर्षातून काही मिनिटं लागतात, आणि ते कोणी करत नाही.

सिल ही बंद पेटी असते म्हणूनच तिला बळ असतं. ४० मिलिमीटर त्रिज्येच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या गोल नळीला लांबीभर एक चीर दिली, तर पिळाविरुद्धचा तिचा ताठपणा १२०० पट कमी होतो. वजन तेवढंच, पत्रा तेवढाच. सिल गोल नसतो, दोन्ही टोकांना जखडलेला असतो, त्यामुळं नुकसान इतकं टोकाचं होत नाही. पण नळीच्या बाबतीत जे घडतं, ते सिलच्या बाबतीतही त्याच दिशेनं घडतं.

ही गाडी एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाड्यांची वार्षिक तपासणी, पास झालेली होती. मी परीक्षकाला दोष देत नाही. सस्पेन्शनच्या किंवा सीटबेल्टच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत सडका पत्रा सापडला तर गाडी नापास, असा नियम आहे. पण परीक्षकाला काहीही खोलायची मुभा नाही. वरून ताजा लेप मारला की त्याला दिसणार काय? दोष लेप मारणाऱ्याचा. आणि त्या गॅरेजचाही. फुली बसवताना त्यांचा हात सिलच्या शेजारी होता.

डॉक्टर आले. मी फोमचा तुकडा त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "आमच्यात प्लेट फार ताठ बसवली तर हाड आळशी होतं. भार प्लेट घेते, खालचं हाड विरळ होत जातं."

"डॉक्टर, इथं तसं नाही. लोखंड आळशी होत नाही. तुमचा सिल पाण्यानं गेला, फुलीनं नाही."

"ते कळलं. पण मग फुलीनं माझी गाडी धरून ठेवली, का माझ्यापासून लपवलं?"

मी त्यांना काय सांगणार होतो? दोन्ही खरं होतं.

दुरुस्ती आमच्या वेल्डरनं केली. असा कारागीर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. कापण्याआधी त्यानं दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवी नळी वेल्ड केली, म्हणजे सिल निघाल्यावर गाडी मधे बसू नये. आतला पत्रा, मग बाहेरचा, सगळी शिवण सलग. टिपके मारून पुढं गेला नाही. शेवटी आत मेणाचा फवारा.

मग बार निवडायची वेळ. फुली परत बसवली, पण कंसाखालचा लेप खरवडून, जस्ताचा प्रायमर देऊन, आत नळ्या आणि वर रुंद पत्र्याच्या पट्ट्या घालून. शेवटचं आवळणं गाडी चारही चाकांवर सपाट उभी असताना केलं. लोंबकळत्या गाडीवर आवळलं तर तिचा वाकच पक्का होतो. पुढचा बार काढून त्यांच्या डिकीत ठेवला. रोल बारला मी नको म्हटलं. तो उलटल्यावर डोकं वाचवायला असतो. हेल्मेट न घालता चालवणाऱ्याचं डोकं साध्या धडकेतही त्या नळीवर आपटू शकतं. नुसत्या हाताळणीसाठी तो धोका पत्करू नका, म्हणालो. ते पैसे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) आणि टायरना लावले. टायरच्या कडेला आठवडा आणि वर्षाचे चार आकडे असतात, ते त्यांनी कधी वाचलेच नव्हते. रबर पार टणक झालं होतं.

मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणाऱ्या कॅट अँड फिडलच्या रस्त्यावर आम्ही गाडी नेली. तिथं वेगमर्यादा आणि कॅमेरे आहेत, पण वळणं कळायला वेग लागत नाही. पुढच्या अँटी-रोल बारची, म्हणजे वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या सळीची, जोडणी मी एक भोक सैल केली, आणि फरक मागच्या चाकांत जाणवला. खरी परीक्षा हीच. पुढचा आणि मागचा अँटी-रोल बार एकमेकांशी गाडीच्या सांगाड्यामधून बोलतात. सांगाडाच मऊ असेल तर तो मधली सैल स्प्रिंग होतो आणि पुढं केलेला बदल मागं पोचत नाही. डॉक्टर म्हणत होते तेच, पुढचं वळतं, मागचं मागाहून येतं. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

तेव्हापासून मालकांनी नियम केलाय. बार बसवण्याआधी सिलमध्ये कॅमेरा घालायचा, नाहीतर काम घ्यायचं नाही. काही गिऱ्हाईकं ऐकून निघून जातात. मागच्याच आठवड्यात एक तरुण असाच गेला. त्याची फुली खोक्यात होती, नवीकोरी. दुसरीकडं कुणीतरी तासाभरात बसवून दिली असेल. त्याच्या सिलवर मी बोटानं ठोकून बघितलं होतं. आवाज मला आवडला नव्हता, आणि ते मी त्याला सांगितलंही होतं.