तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी इन नदीचं जास्त, मग संगमानंतर नाव डॅन्यूबचं का?

आमच्याकडे म्युनिकला कोणी आलं की एक दिवस पासाऊला, तीन नद्यांच्या संगमावरच्या गावाला, जायचं ठरलेलंच. तिथल्या गडावरून तीन नद्या तीन रंगांच्या दिसतात, डॅन्यूब, बव्हेरियाच्या जंगलातल्या दलदलीतून येणारी काळपट इल्त्स आणि आल्प्समधून येणारी हिरवट दुधी इन, आणि मग प्रश्न येतोच की अहो, ही हिरवी तर सगळ्यात रुंद, मग पुढे नाव तिचं का नाही?

आता खरं सांगायचं तर वर्षाची सरासरी काढली तर संगमावर इनच थोडं जास्त पाणी आणते. पण पाहुणे येतात मे-जूनमध्ये, मुलांच्या सुट्टीत, आणि नेमका तेव्हाच वरचा बर्फ वितळून तिला पाणी चढलेलं असतं. हिवाळ्यात या, डॅन्यूब पुढे असते. शिवाय इन रुंद आहे पण उथळ, आणि डॅन्यूब तिथपर्यंत साधारण 650 किमी आलेली असते, इन 517. आपण पुणेकरांनी मुळा-मुठा म्हणून दोघींना खूश ठेवलं, इकडे तसं काही नाही.

पण मला विचाराल तर इनवर खरा अन्याय पासाऊला नाही, पार उगमाशी झालाय. स्वित्झर्लंडमध्ये मालोया खिंडीच्या वर लुंगीन नावाचं तळं आहे (हसू नका), 2484 मीटरवर, तिथून ती निघते. जवळच्या लुंगीन खिंडीत पाऊस पडला तर थोडं पाणी इनमधून काळ्या समुद्रात, थोडं ऱ्हाईनमधून उत्तर समुद्रात, थोडं पो नदीतून एड्रियाटिकमध्ये. मग सिल्स, सिल्व्हाप्लाना, सेंट मॉरिट्झची तळी, एंगाडिन खोरं, पुढे इन्सब्रुक, म्हणजे सरळ ‘इनवरचा पूल’.

मालोयाला एंगाडिनकडून गेलात तर रस्ता जवळजवळ सपाट, खिंड आलीय हे कळतही नाही, आणि पलीकडे एकदम खोल दरी, वळणावर वळणं. त्या दरीतली माइरा नदी उताराची, जोरात वाहणारी, तिने हजारो वर्षं डोंगर मागे मागे कुरतडत इनचा वरचा भागच पळवला, हाच तो अन्याय. फोर्नो हिमनदीचं पाणी अजूनही मालोयाच्या अगदी जवळ येतं, वाटतं आता इनला मिळणार, आणि तिथूनच वळून इटलीकडे निघून जातं.