एका ‘ल’ची किंमत दोन हजार तीस रुपये

लेकीच्या नावाने पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला कमीत कमी २५० रुपये लागतात. माझे त्याआधीच २,०३० गेले. आकडा अंदाजे नाही, वहीत लिहिलेला आहे.

आमच्याकडे खर्चाची वही असते. नवऱ्याच्या हातात ३४,००० येतात. त्यातून घरभाडं, सासूबाईंची औषधं, गावच्या घराचा हप्ता आणि भिशीचे २,००० गेले की उरलेल्यात महिना काढायचा. बाळ झालं की खर्च वाढतो असं जो तो सांगतो. मग आम्ही पाळणा नणंदेकडून आणला, दुपटी सासूबाईंच्या मऊ पडलेल्या सुती साड्यांची शिवली, डायपर फक्त बाहेर जाताना. नाचणीला मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून मलमलच्या कापडातून चाळायची. दोन महिन्यांचं सत्त्व घरी होतं. दुकानातला चकचकीत डबा किती दिवस पुरतो ते मी एकदाच पाहिलं आणि पुन्हा आणला नाही.

माझी स्वतःची कमाई फॉल-पिकोची. एका साडीचे ८० रुपये. एकोणीस साड्या झाल्या की १,५०० सुटतात, आणि ते पंधराशे लेकीचे, असं मी तिच्या बारशालाच ठरवलं होतं. ती २०२४ च्या गौरी आवाहनाच्या दिवशी जन्मली, त्यामुळे घरात सगळ्यांना तिच्याबद्दल जरा जास्तच कौतुक आहे. नात्यातल्या एका काकांनी लगेच पॉलिसीचा कागद पुढे केला. मी त्यांना चहा दिला आणि कागद त्यांच्याच पिशवीत परत ठेवला.

सुकन्याच का, तर आम्ही विचारलं तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं आणि मिळणाऱ्या पैशावर कर नाही. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, त्यामुळे हाच दर शेवटपर्यंत राहील असं धरू नका. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं उघडायचं, पंधरा वर्षं भरायचं, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पैसे हातात. महिना १,५०० म्हणजे पंधरा वर्षांत २,७०,००० भरले जातात. दर असाच राहिला तर शेवटी सव्वाआठ लाखांच्या आसपास होतात. हा हिशोब मी नवऱ्याला शिलाई मशिनवर बसल्या बसल्या ऐकवला, तर तो म्हणाला, “उद्याच जा.”

‘उद्या’ म्हणजे जून २०२५. खातं उघडलं ११ ऑगस्टला.

पोस्टातल्या बाईंनी जन्मदाखला हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “ताई, यात मुलीचं नावच नाहीये.” खरंच नव्हतं. हॉस्पिटलने नोंद जन्मानंतर लगेच पाठवली होती, बारसं त्यानंतर. नावाची जागा कोरी. तोवर मी तो दाखला निदान चार वेळा हातात घेतला असेन, पण वजन आणि जन्मवेळ यांपलीकडे काही वाचलं नव्हतं. मग त्यांनी माझं आधार शेजारी ठेवलं आणि बोट टेकवलं. आईच्या नावात शेवटचा ‘ल’ गायब. त्यामुळे दाखल्यावरची आई एक आणि आधारवरची दुसरी.

त्या बाईंनी चांगलं सुचवलं होतं, हे मान्य करते. म्हणाल्या, वडिलांचं नाव बरोबर आहे, मुलीचं नाव तेवढं घालून आणा आणि वडिलांना पालक करून खातं उघडा, लवकर होईल. पण एकोणीस साड्या माझ्या आणि पासबुकावर पालक म्हणून नवरा? शिवाय आज सोडून दिलेला ‘ल’ उद्या शाळेत, परवा पासपोर्टला आडवा येणारच. मी म्हटलं, दोन्ही एकदमच दुरुस्त करून आणते. आठवडाभराचं काम असेल असं वाटलं होतं.

आमच्या प्रभाग कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी तळमजल्यावर, जिन्याखाली आहे. खिडकी साडेदहाला उघडते असं लिहिलेलं. प्रत्यक्षात साडेदहाला आतला दिवा लागतो. पहिल्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन गेले, ही चूक. बसायला एकच बाक, त्याचा एक पाय तुटलेला. बाळ घरी ठेवून जा, किंवा कोणाला तरी बरोबर न्या.

कारकून म्हणाले, “नाव टाकायला काही नाही, पण आईच्या नावातली दुरुस्ती म्हणजे हॉस्पिटलचं पत्र लागेल.” ठीक. हॉस्पिटलला दोन खेपा. रेकॉर्डचं काम बघणारा माणूस पहिल्या दिवशी रजेवर. दुसऱ्या दिवशी त्याने जाड रजिस्टर काढलं, आणि त्यात माझं नाव ‘ल’सकट व्यवस्थित लिहिलेलं! म्हणजे नर्सने बरोबर लिहिलं होतं, पुढे टाइप करताना अक्षर गळालं. लेटरहेडवर पत्र आणि गोल शिक्का मिळाला. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या खेपेला तेच कारकून पत्र वाचून म्हणाले, “आता बॉण्ड पेपरवर ॲफिडेव्हिट करून आणा. बाहेर करून देतात.” बाहेर खरोखर छत्रीखाली टाइपरायटर घेऊन एक गृहस्थ बसलेले. ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या बॉण्डवर भागत नाही, त्यामुळे त्यांचं बोलणंच ५०० पासून सुरू. वर टायपिंग आणि नोटरीचे ३५०. साडेआठशे रुपये म्हणजे जवळपास अकरा साड्या. एका अक्षरासाठी अकरा साड्यांचं फॉल-पिको करायची माझी तयारी नव्हती. मी परत आत जाऊन विचारलं, हे कुठे लिहिलंय ते दाखवता का? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “सगळे देतात.”

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती मला फार उशिरा कळली. राज्य सरकारने २०१५ मध्येच शासन निर्णय काढलाय, की कायद्याने सक्तीचं असेल तेवढं सोडून सरकारी कामांत प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र घ्यावं. आणि जन्मनोंदीतली चूक दुरुस्त करायची तर नियमांत भाषा आहे ती घटनेची माहिती असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींच्या निवेदनाची. माझ्या बाबतीत अशा दोन व्यक्ती म्हणजे सासूबाई आणि शेजारच्या काकू. दोघी प्रसूतीच्या रात्री हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून होत्या. त्यांच्याइतकी विश्वासार्ह माणसं मला तरी माहीत नाहीत.

तिसऱ्या खेपेला सर्व्हर डाऊन. चौथ्या खेपेला सही करणाऱ्या मॅडम ट्रेनिंगला. “सोमवारी या.” सोमवारी विचारायला फोन केला, उचलला नाही. दरम्यान जुलै संपत आला आणि माझी धाकधूक वेगळीच सुरू झाली. बारा महिन्यांच्या आत मुलाचं नाव नोंदीत घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. नंतरही घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत, पण शुल्क भरून. रक्कम काही मोठी नसते, पण यांच्या दिरंगाईचा दंड मी का भरू?

त्या चौथ्या खेपेला मी चिडून तिथेच पाणी प्यायला उभी राहिले, आणि निळ्या पिंपामागे भिंतीवरचा फलक दिसला. अर्धा पिंपाने झाकलेला, खालचा कोपरा पाण्याने फुगलेला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, म्हणजे सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा कायदा. सेवेचं नाव, लागणारी कागदपत्रं, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, प्रथम अपील कोणाकडे. मी पिंप ढकलून पाहिला, हलला नाही. मग मोबाइल भिंतीला लावून तिरका फोटो काढला. शिपाई बघत होता, पण काही बोलला नाही. कागदपत्रांच्या रकान्यात बॉण्ड पेपर हा शब्द कुठेही नव्हता.

घरी येऊन अर्ज नव्याने लिहिला. वर विषयाच्या ओळीत कायद्याचं नाव. खाली दोन मागण्या, एक मुलीचं नाव समाविष्ट करणे, दोन आईच्या नावातील दुरुस्ती. सोबत हॉस्पिटलचं पत्र, दोघा नवरा-बायकोची आधार, लग्नाचा दाखला, माझं स्वयंघोषणापत्र आणि त्या दोघींची निवेदनं. सासूबाईंनी सही करायला अर्धा तास लावला, कारण त्यांना आधी पूर्ण वाचायचं होतं. शेवटी म्हणाल्या, “यात रात्रीचे अडीच वाजले होते हे लिहिलं नाहीस.” लिहिलं.

२९ जुलैला पाचवी खेप. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक पुढे केली आणि दुसरीवर पोच मागितली. कारकून म्हणाले, “पोच कशाला ताई, काम होईल की.” मी म्हटलं, “साहेब, होईलच, पण पोच द्या.” दोनदा तेच बोलणं झालं. मागच्या रांगेतला एक जण वैतागून म्हणाला, “अहो देऊन टाका ना पोच!” त्याचे मी मनापासून आभार मानते. शिक्का बसला, आवक क्रमांक आणि तारीख पडली. त्यानंतर मी हळूच विचारलं, मुदत संपल्यावर अपील याच मजल्यावरच्या साहेबांकडे करायचं ना? कायद्यात दंड ५०० पासून ५,००० पर्यंत आहे, हेही मी वाचून गेले होते. ते मात्र बोलले नाही, गरज पडली नाही.

नवव्या दिवशी, ७ ऑगस्टला, दाखला तयार. नऊ दिवस! हेच काम जूनमध्ये केलं असतं तर माझ्या चार खेपा वाचल्या असत्या, आणि जूनमध्ये न होण्याचं एकही कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही. शेवटच्या खेपेला ते कारकून अगदी गोड बोलले, त्याचाच जास्त राग आला.

छापण्याआधी मात्र मी हट्टाने मॉनिटर माझ्याकडे वळवून घेतला, आणि हे प्रत्येकाने करा. मराठी नाव बरोबर होतं, पण लेकीच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. तिथल्या तिथे काढायला लावला. तो तसाच छापला गेला असता तर पुन्हा हॉस्पिटलच्या पत्रापासून सुरुवात. तीन प्रती घेतल्या. एकीलाही लॅमिनेशन केलं नाही, नवऱ्याची फार इच्छा होती तरी.

पोस्टातलं काम चाळीस मिनिटांत झालं, सांगण्यासारखं काही नाही. फॉर्म, दाखला, माझं आधार-पॅन, फोटो आणि २५० रुपये. पालकाच्या रकान्यात माझं नाव, ‘ल’सकट.

पैसे भरायचे तर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा. पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी शिल्लक असते तिच्यावरच व्याज धरतात, सहाला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही. आम्ही अकराला उघडलं म्हणून तेव्हा मुद्दाम २५०च टाकले, बाकीचे १,२५० सप्टेंबरच्या पैशाबरोबर तीन तारखेला. तेवढे दिवस ते डाळीच्या डब्यात होते. आणि आर्थिक वर्षात २५० तरी पडायलाच हवेत, नाहीतर ५० रुपये दंड. तंगीच्या वर्षी तेवढे भरूनही खातं चालू राहतं, हे कळल्यावर मला बरीच शांत झोप लागली.

वहीतला हिशोब असा. रिक्षा सहा खेपांची, जाऊन-येऊन ६० प्रमाणे ३६०. हॉस्पिटलला बस ८०. झेरॉक्स आणि दाखल्याच्या प्रती मिळून १५०. आणि त्या सहा सकाळी ज्या साड्या मशिनखाली गेल्याच नाहीत, रोजच्या तीन धरून अठरा, त्यांचे १,४४०. नवरा म्हणतो, न केलेल्या कामाचे पैसे खर्चात धरत नाहीत. त्याची सकाळ गेली असती तर रजा मांडली गेली असती. माझी मांडायला ही वहीच आहे.

शेजारच्या काकूंच्या सुनेची तारीख ऑक्टोबरमधली आहे. तिला मी एका कागदावर आई-वडिलांची नावं लिहून दिलीत, वरच्या ओळीत मराठीत, खाली इंग्रजीत, आधारवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर. कागद हॉस्पिटलच्या फाइलला स्टेपल करायचा आणि नोंद पाठवण्याआधी एकदा दाखवायला सांगायचं. ती हसली. काकूंनी मात्र कागद घेतला आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.