गाळासकट ठेवलेली वाइन नासत कशी नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मस्काडे या फ्रेंच पांढऱ्या वाइनच्या बऱ्याच बाटल्यांवर 'स्युर ली', म्हणजे 'गाळावर', असं चक्क छापलेलं असतं; मग ती खराब का होत नाही?

आधी गाळ कुठला ते बघा, कारण गाळ दोन असतात. पश्चिम फ्रान्समध्ये, नांत शहराच्या आग्नेयेकडच्या गावांत, मेलों द बुर्गोन्य या पांढऱ्या द्राक्षाची तोडणी साधारण सप्टेंबरात होते. प्रेसमधून निघालेला रस थंड टाकीत रात्रभर निवळत ठेवतात. तळाशी बसतो तो साली, गर, माती यांचा जाड गाळ. तो काढायचाच, नाहीतर वाइनला कुजक्या अंड्यासारखा वास धरतो. पण रस अगदी काचेसारखाही करू नये. यीस्टला खायला कमी पडतं, आंबणं रेंगाळतं, आणि उपाशी यीस्टही तोच वास सोडतं.

निवळलेला रस 16 ते 20 अंशांना आंबवतात. लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर संपली की 1 टक्का अल्कोहोल. मस्काडे साधारण 12 टक्क्यांची. साखर संपल्यावर यीस्ट मरून खाली बसतं. हा दुसरा गाळ, पिठासारखा बारीक. ठेवायचा तो हाच. या पेशी वाइनमधला प्राणवायू शोषतात, म्हणून रंग तपकिरी पडत नाही. हळूहळू फुटतात तेव्हा या पातळ, आंबटसर वाइनला जरा अंग येतं. आंबताना झालेला कार्बन डायऑक्साइडही थंडीत विरघळून राहतो. जिभेला किंचित टोचतं ते त्यामुळे. कालवांबरोबर ते टोचणंच हवं असतं.

पथ्य एकच, पण कडक: हिवाळाभर टाकी बदलायची नाही. मार्च उजाडल्यावर गाळ न ढवळता वरची वाइन त्याच टाकीतून थेट बाटलीत. मध्ये दुसऱ्या टाकीत काढली की वायू उडतो आणि 'स्युर ली' लिहिण्याचा हक्कही जातो. टाकी अर्धी ठेवणं ही सगळ्यात महाग चूक. वर हवा साचली की वाइन व्हिनेगरच्या वाटेला लागते. तिथल्या तळघरांतल्या जुन्या टाक्या जमिनीखालच्या, काँक्रीटच्या, आतून काचेच्या लाद्या बसवलेल्या. त्या काठोकाठ भरलेल्या असल्या की हवेला जागा उरत नाही, आणि जमिनीखाली थंडी आपोआप टिकते.

गंमत म्हणजे क्लिसों गावच्या नावाने विकली जाणारी मस्काडे किमान 24 महिने गाळावर असते, आणि तिच्या लेबलवर 'स्युर ली' नसतं. 'स्युर ली'च्या नियमाची मुदत एका हिवाळ्याची. ती केव्हाच उलटलेली असते.