काळी नदीवरचा पूल आणि माझी रोजची वही

जून २०२३ मध्ये माझी बेळगावहून कारवारला बदली झाली. खानापूर, रामनगर, जोयडा करत बस अणशी घाट उतरली आणि कद्राच्या पुढं हवा एकदम चिकट झाली. मांडीवरच्या पिशवीत एक कोरी वही होती. शाळेत असताना ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर पंचवीस वर्षं चित्र असं काढलंच नव्हतं. तशी बेळगावात चित्रकलेची परंपरा मोठी. के. बी. कुलकर्णींनी इथं राहून किती विद्यार्थी घडवले. रवी परांजपे त्यांच्याकडेच शिकले. टिळकवाडीत प्रदर्शन लागलं की मी न चुकता जायची, आणि घरी येताना आपलं राहूनच गेलं असं वाटत राहायचं. कारवारात एकटी राहणार, संध्याकाळ मोकळी. म्हटलं, आता रोज एक पान.

खोली मिळाली कोडीबागला. चार पावलं गेलं की काळी नदीचा काठ. समोर पूल, पलीकडे सदाशिवगडाची टेकडी, डाव्या हाताला नदी समुद्राला मिळते. विषय शोधायला कुठं जायलाच नको. रोज सकाळी ऑफिसच्या आधी एका दगडी पायरीवर बसायचं आणि समोरचं काढायचं.

पण पहिल्या पावसाळ्यात हवेनंच माझी परीक्षा घेतली. जलरंगात सगळा खेळ वाळण्याचा असतो. आकाशाचा पातळ हात द्यायचा, तो वाळला की त्यावर टेकडी. बेळगावच्या घरी उन्हाळ्यात सराव केला तेव्हा पंख्याखाली दहा मिनिटांत कागद कोरडा व्हायचा. इथं अर्धा तास झाला तरी पानावर ओली चकाकी तशीच. घाईनं वर दुसरा रंग लावला की पाणी पसरून फुलकोबीच्या कडेसारखे डाग उठायचे. आठवडाभर रोज तेच. आपला हातच वाईट, असं मनात यायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये त्याहून वेगळंच झालं. नवाकोरा ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद काढला, निळा हात फिरवला, आणि रंग ठिकठिकाणी टीपकागदावर शाई पडावी तसा आत शिरला. बारीक गडद ठिपके, पानभर. पुसून जात नव्हते. रंगाच्या वड्यांवर पांढरी लव आली होती. बेळगावच्या एका जुन्या दुकानदारांना फोन केला, ते म्हणाले, "ताई, कागद गेला तो. आता त्यावर पेननं काढा." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचा किंवा तत्सम लेप असतो, त्यामुळं रंग वर थांबतो. दमट हवेत बुरशी तो लेप खाते. डोळ्याला काही दिसत नाही, ब्रश टेकवल्यावरच कळतं.

त्यानंतर सगळी पद्धत बदलली. कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागले. औषधांच्या आणि चपलांच्या खोक्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात. कागदांचा साठा करायचा नाही, महिन्याला पुरतील तेवढेच आणायचे. वड्या बंद केल्या. ट्यूबमधून वाटाण्याएवढाच रंग काढायचा, काम झालं की पॅलेट लगेच झाकायचं नाही, रात्रभर पंख्याखाली उघडं. आणि मुख्य म्हणजे कामाचे दोन भाग केले. सकाळी पायरीवर पाण्यानं न पसरणाऱ्या शाईच्या पेननं फक्त रेषा. संध्याकाळी खोलीवर त्यावर रंगाचा एकच हात. दुसरा नाही. ओलं असताना जे होईल ते होईल. या एका नियमानं माझं चित्र कितीतरी मोकळं झालं, हे मी मनापासून सांगते. कोकणपट्टीत किंवा आमच्या खानापूरच्या पावसात जलरंग काढणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन.

थंडीत मी किनाऱ्याकडे जायला लागले. तिथल्या बीचला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. तरुणपणी ते इथं न्यायाधीश असलेल्या थोरल्या भावाकडे, सत्येंद्रनाथांकडे राहिले होते. ते चित्रं काढायला लागले साठीच्या आसपास आणि त्यांचं पहिलं प्रदर्शन १९३० साली पॅरिसला झालं, हे वाचल्यापासून मला माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षाची धास्ती उरली नाही.

रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणारी माणसं कधी एका जागी थांबत नाहीत, म्हणून अर्ध्या मिनिटात एक आकृती असा सराव केला. मासळी विकणारी एक मावशी रोज वहीत डोकवायची. एके दिवशी तिनं स्वतःचं चित्र निरखून पाहिलं आणि कोकणीत म्हणाली, बाय, मी विळी उजव्या पायाखाली धरते, तू डाव्या काढलीस. मी हसले, "चुकलं हो मावशी" म्हटलं आणि पान उलटलं. तेव्हाच थांबायला हवं होतं.

७ ऑगस्ट २०२४. मध्यरात्रीनंतर काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत पडला. चालकाला बाहेर काढलं, तो वाचला. सकाळी काठावर ही गर्दी, पोलीस कुणाला पुढं सोडत नव्हते. शेजारचा नवा पूल उभा होता आणि त्याच्या बाजूला जुन्याचे गाळे मोडून पाण्यात कलंडलेले. वर्षभर रोज बघितलेली आडवी रेघ मधेच तुटलेली. मला वही उघडवेना.

रात्री मात्र जुन्या वह्या काढून बसले. पुलाची शंभराच्या वर चित्रं होती. वाटलं, निदान आपल्याकडं तो पूल आहे. बघते तर एका पानावर सात खांब, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर नऊ. कुठं खांब सरळ, कुठं खाली रुंद. दोन पूल शेजारी-शेजारी होते, तर पुढचा कुठला आणि मागचा कुठला हेही कित्येक पानांवर कळत नव्हतं. पहिल्या महिन्यातली चित्रं ओबडधोबड, पण त्यात खांबांच्या पायथ्याची ओली काळी पट्टी होती, भरतीची खूण. नंतरच्या सफाईदार चित्रांत ती कुठंच नव्हती. हात सरावला तसं मी समोर बघणं सोडून दिलं होतं. वर्षभराची एवढी पानं, आणि जुन्या पुलाला खांब किती होते हे मला त्यांतल्या एकाही पानावरून सांगता येईना. मी त्या रात्री रडले.

दुसऱ्या दिवसापासून काढायच्या आधी काहीतरी मोजायला लागले. होडीच्या फळ्या, खिडकीचे गज, माडाच्या झावळ्या. आकडा पानाच्या कोपऱ्यात लिहायचा आणि मगच रेषा. त्या मावशीची विळीही परत काढली, उजव्या पायाखाली. तिनं ते पान मागून घेतलं.

गेल्या वर्षी बदली होऊन परत बेळगावला आले. शहापूरच्या घरी आईला या वेडाचं नवल. "काय काढालैस गं रोज एवढं?" विचारते आणि तोवर चहा गार झालेला असतो. इथं समुद्राची सरळ रेघ नाही, नदी नाही. पहिले दोन आठवडे मी गल्लीत वही घेऊन नुसतीच फिरले. मग किल्ल्यातल्या कमल बस्तीत, जुन्या जैन मंदिरात गेले. १२०४ साली, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली. लहानपणापासून किती वेळा पाहिलेली. छताला काळ्या दगडाचं कमळ कोरलंय, ७२ पाकळ्यांचं. विचारून एका कडेला बसते. मान दुखते म्हणून पर्समधला आरसा मांडीवर उताणा ठेवते आणि त्यात बघून काढते. रोज दोन-तीन पाकळ्या, जास्त नाही. प्रत्येकीचा नंबर बाजूला लिहिते. परवा सतरावी आणि अठरावी काढताना दोघींच्या कडा सारख्या नाहीत हे दिसलं, म्हणून काल पहिल्यापासून सगळ्या परत तपासल्या. त्यांतली नववी खोडून पुन्हा काढायची आहे.