वेलनेस संग्रहाची यादी तुम्ही विचारलीत म्हणून

विद्यापीठाच्या ग्रंथालयात वेलनेस संग्रह, म्हणजे मनाच्या आणि शरीराच्या स्वास्थ्यावरच्या पुस्तकांची वेगळी मांडणी, सुरू करायचा ठरला की ग्रंथपाल पहिल्यांदा विचारतात ते हेच : “एक यादी द्याल का, कुठली पुस्तकं घ्यावीत?” यादीकडे येतोच. पण या कामात यादी सगळ्यांत सोपी आहे. रात्र रात्र झोप न लागणाऱ्या मुलीला त्यातलं पुस्तक चारचौघांत संकोच न वाटता उचलता येईल का, यावर संग्रह चालतो किंवा धूळ खात पडतो. म्हणून आधी कपाट.

पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणात एकट्या झोपेवरची पुस्तकं तीन ठिकाणी विखुरतात. झोपेचं शरीरशास्त्र ६१२.८२१ ला, झोपेच्या चांगल्या सवयी ६१३.७९४ ला, झोपेचे विकार ६१६.८४९८ ला. चिंता ६१६.८५२२, नैराश्य ६१६.८५२७, मृत्यू आणि शोक १५५.९३७, पैशाचं नियोजन ३३२.०२४. त्रासलेला विद्यार्थी इतक्या मांडण्या फिरत नाही. त्यामुळे पुस्तकं एकत्र आणायची, पण बोधांक, म्हणजे पाठीवरचे जागा सांगणारे क्रमांक, बदलायचे नाहीत. ‘वेल’ अशी नवी अक्षरं जोडून वेगळे बोधांक तयार करण्याची चूक वारंवार होते. उद्या संग्रह हलवायचा झाला की प्रत्येक पुस्तकाची चिठ्ठी नव्याने चिकटवावी लागते. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर प्रतीच्या नोंदीत, ९५२ या क्षेत्रात, संग्रहाचा संकेत ‘८’ या उपक्षेत्रात आणि मांडणीची जागा ‘सी’ मध्ये भरा. एवढ्याने ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या संगणकीय तालिकेत, संग्रह वेगळा दिसतो आणि बोधांक जागच्या जागी राहतो.

शोधाचंही तसंच. विषयशीर्षक ‘निद्रानाश’ असतं आणि मुलं टाइप करतात ‘झोप येत नाही’. पुस्तकाच्या नोंदीतल्या ६५३ या क्षेत्रात मुलांच्या तोंडचे शब्द घाला : परीक्षेची भीती, घरची आठवण, एकटं वाटतं, लक्ष लागत नाही. शे-सव्वाशे पुस्तकांचं हे काम दोनतीन दिवसांत उरकतं, आणि त्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

जागा निवडताना देवघेवीच्या टेबलासमोरची नको आणि टोकाचा निर्जन कोपराही नको. कोपऱ्यात उभं राहिलेलं माणूस ‘तिथे’ उभं आहे हे लगेच कळतं. कथा-कादंबऱ्या किंवा प्रवासवर्णनं यांच्या शेजारची, सतत वर्दळ असलेली मांडणी उत्तम, कारण तिथे कोण काय चाळतंय याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाटीवर ‘मानसिक आजार’ लिहू नका. ‘झोप, ताण, अभ्यास, पैसा, नाती’ पुरे. पुस्तकाच्या पाठीवर तर संग्रहाचं नाव नकोच, फार तर रंगाचा छोटा ठिपका. नव्वद सेंटीमीटरची फळी, सरासरी अडीच सेंटीमीटर जाडीची पुस्तकं आणि फळी दोनतृतीयांशच भरायची, असा हिशेब केला तर एका फळीवर चोवीस पुस्तकं बसतात. १२० पुस्तकांना पाच फळ्या. मोकळ्या जागेत काही पुस्तकं दर्शनी ठेवता येतात. तळाची फळी सोडून द्या, तिथे वाकून कुणी शोधत नाही.

आता गोपनीयता. गळती कुठून होते ते पाहा. राखून ठेवलेली पुस्तकं नावाच्या चिठ्ठीसह उघड्या फळीवर असतात. मुदत संपल्याच्या ईमेलमध्ये पुस्तकाचं नाव छापलेलं असतं आणि ते शेजारच्याच्या नजरेस पडतं. म्हणून सूचनेच्या साच्यातून शीर्षक काढून फक्त दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला क्रमांक, ठेवा. राखीव पुस्तक लिफाफ्यात द्या. स्वयंसेवा यंत्र असेल तर या मांडणीपासून तिथवरची वाट मोकळी हवी. परत आलेल्या पुस्तकांच्या देवघेवीतून वाचकाचं नाव काही दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय कोहात आहे. आधी ‘निनावी वाचक’ म्हणून एक खातं तयार करून ते प्रणालीत नोंदवा आणि मग ते काम रोजच्या वेळापत्रकात लावा. देवघेवीचे आकडे शाबूत राहतात, नाव तेवढं जातं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट पोटतिडकीने सांगावीशी वाटते. ही पुस्तकं पुष्कळदा घरी नेली जात नाहीत, वाचनकक्षात तासभर वाचून टेबलावरच सोडली जातात. ती मोजली नाहीत तर वर्षअखेरीस ‘वापर नाही’ असा शेरा बसतो आणि निधी कापला जातो. टेबलावरची पुस्तकं मांडणीत ठेवण्याआधी ‘स्थानिक वापर’ म्हणून रोज स्कॅन करा. काही पुस्तकं नोंद न होताच निघून जातील, हेही धरून चाला. हरवणाऱ्या शीर्षकाची दुसरी प्रत मागवा. ते शीर्षक लागणारं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि यादी. १२० पैकी साधारण चाळीस मनाच्या त्रासांवर. बाकीची झोप, आहार, व्यायाम, व्यसन, शोक, लैंगिक आरोग्य, पैसा, अभ्यासाच्या पद्धती यांवर. पंधरावीस कादंबऱ्या, आत्मकथनं, चित्रकथा हव्यातच. शिक्षणाची भाषा आणि घरची भाषा वेगळी असेल तर घरच्या भाषेतली पुस्तकं आवर्जून घ्या, दुखणं त्याच भाषेत उमगतं. पुस्तक हातात घेतल्यावर चार ठिकाणी बघा : प्रकाशनवर्ष, लेखकाचं शिक्षण, शेवटची संदर्भसूची आणि ‘डॉक्टरकडे कधी जावं’ हे सांगणारा मजकूर. शेवटचा मजकूर नसेल तर विचार करा. औषधं आपल्या मनाने बंद करायला सांगणारं पुस्तक सरळ बाजूला ठेवा. अंतिम यादीवरून समुपदेशन केंद्रातल्या कुणाची तरी नजर फिरू द्या. देणगीतली जुनी पुस्तकं मात्र या मांडणीत सहसा नकोत.

कारण आरोग्याचं पुस्तक लवकर शिळं होतं. पाच वर्षं झाली की प्रत्येक पुस्तक तपासायला घ्या. मनोविकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम’ या पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘अॅस्पर्जर’ हे वेगळं निदान उरलं नाही, ते ऑटिझममध्येच धरलं गेलं. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकाचं निदान नव्याने आलं. त्याआधीची पुस्तकं वाचणाऱ्याला जुनाच नकाशा देतात. त्यांचं निर्लेखन करा, म्हणजे संग्रहातून ती काढून टाका, किंवा इतिहास म्हणून मुख्य संग्रहात हलवा.

ई-पुस्तकात परवाना बघून घ्या. एका वेळी एकच वाचक असा परवाना परीक्षेच्या आठवड्यात नेमका आडवा येतो. चिंता आणि झोप या विषयांना बहुवाचक परवाना घ्याच.

पुस्तकांबरोबर वस्तूही द्यायच्या असतील तर थोड्या द्या, नीट द्या. प्रकाशोपचाराचा दिवा १०,००० लक्स इतक्या उजेडाचा सांगतात, पण तो आकडा उत्पादकाने दिलेल्या अंतरावरचाच असतो. दिवा लांब ठेवला की उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून अंतर खोक्यावर लिहा. डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा बायपोलर हा मनोविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हेही तिथेच. योगाच्या चटया ओल्या गुंडाळल्या तर बुरशी धरते. रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खोटा चढतो, म्हणून दोन मापांचे पट्टे हवेत.

शेवटच्या पानाच्या आत एक कार्ड चिकटवा : समुपदेशन केंद्राची वेळ आणि जागा, रात्री चालणारी हेल्पलाइन. दर सत्राच्या सुरुवातीला त्या नंबरवर स्वतः फोन लावून तो सुरू आहे ना हे बघा, आणि बदलला असेल तर त्याच दिवशी सगळी कार्डं बदला.