माथ्यावर शून्य

दोरीवरच्या लाटेत ऊर्जा नेमकी कुठे असते, हे मी इतकी वर्षं चुकीचं सांगत आले. परवा भाच्यानं पकडलं.

त्याला आकृती काढून देत होते. लाटेच्या माथ्यावर बोट ठेवून ठोकून दिलं, "इथं दोरी क्षणभर थांबते. गतिज ऊर्जा, म्हणजे हलण्याची, शून्य; सगळी स्थितिज, म्हणजे ताणात साठलेली." स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं तसंच असतं, आणि दोरीचा प्रत्येक बिंदूही तसाच तर वरखाली होतो!

तो म्हणाला, "आत्या, पण दोरी तिथं ताणली गेलीय कुठं?"

नाहीच गेलेली. माथ्यावरचा बोटभर तुकडा बघा, तो जवळजवळ आडवाच असतो, नुसता वर सरकलेला. (वजन उचलण्याचा हिशेब इथं येत नाही. गुळगुळीत जमिनीवर दोरी डावीउजवीकडे हलवली तरी हेच घडतं.) लांबी वाढते ती मधली रेषा ओलांडणाऱ्या तिरप्या तुकड्याची, आणि सगळ्यात जोरात पळतही असतो नेमका तोच. म्हणजे पुढे जाणाऱ्या लाटेत दोन्ही ऊर्जा एकाच जागी, एकाच वेळी कमाल. माथ्यावर दोन्ही शून्य. एका तरंगलांबीत (एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत) ऊर्जेचे असे दोन गठ्ठे पुढे सरकत राहतात. स्प्रिंगचं वजन एकटं असतं, दोरीचा तुकडा मात्र मागच्याकडून घेतो आणि पुढच्याला देतो; माझी गफलत तिथंच होती.

पटेना, म्हणून आकडे घालून पाहिले. मीटरला 50 ग्रॅम भरणारी लांबलचक दोरी, ताण 20 न्यूटन. लाटेचा वेग सेकंदाला 20 मीटर. हात सेकंदाला 5 वेळा, 4 सेंटिमीटर आयामानं (मधल्या रेषेपासून तेवढा वर, तेवढाच खाली) हलवला तर तरंगलांबी 4 मीटर. मधल्या रेषेवरचा 10 सेंटिमीटरचा तुकडा ताणला जातो फक्त 0.2 मिलिमीटर! त्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटर. गतिज ऊर्जा काढली, साधारण 0.004 ज्यूल. स्थितिज काढली, तीही तेवढीच. भाचा नुसता हसला.

पुढे जाणारी सरासरी शक्ती जेमतेम 0.8 वॅट. आयाम दुप्पट केला की चौपट, वारंवारता (सेकंदाला किती वेळा हलवायचं ते) दुप्पट केली तरी चौपट. ताण चौपट केला तर मात्र फक्त दुप्पट. हात दुखतो तो बहुतेक स्वतःलाच हलवून.

मग खरी दोरी काढली. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. त्यानं वर झटका द्यायचा, मी त्याच वेळी खाली तेवढाच. मोबाईलवर संथ चित्रण लावलं. जमेपर्यंत बरेच प्रयत्न वाया गेले, माझा झटका दरवेळी उशिरा. शेवटी एक चौकट सापडली: दोन्ही लाटा एकमेकींवर, दोरी सरळ, लाटेचा मागमूस नाही.

"ऊर्जा गेली कुठं?" मी विचारलं. आता माझी पाळी होती.

त्यानं चित्र मोठं केलं. दोरी सरळ होती खरी, पण बरोबर मधला बिंदू स्वच्छ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर दोरी पुसट, फिसकटलेली. एक बाजू वर निघालेली, दुसरी खाली.

"सगळी गतिज," तो म्हणाला, आणि पुढची चौकट लावली. तिच्यात दोन्ही लाटा पुन्हा डोकं वर काढत होत्या.