बुऱ्हाणपुरात भुतं शोधायला गेलो त्याची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना कुठे न्यायचं हा आमच्या घरी दरवर्षीचा घोळ. त्यात मोठ्याला (वय बारा) सध्या यूट्यूबवरच्या भुतांच्या व्हिडिओंचं वेड लागलंय, ते हिरवट कॅमेऱ्यात धापा टाकत पळणारे न् "गाइज, कुछ तो था वहां" करणारे लोक. छोटी आठ वर्षांची, ती दादाच्या पाठीमागून लपून बघते आणि रात्री दोन वाजता बाथरूमला जायला मला उठवते. म्हणजे शौक त्याचा, घाबरते ती, झोप जाते माझी.

तर ताई म्हणाली, इकडे घेऊन ये दोघांना. ताईला बुऱ्हाणपूरला दिलीय. जिजाजींना शाळेत इतिहास शिकवणारे एक सर होते, आता रिटायर झालेत, ते सुट्ट्यांमध्ये संध्याकाळी ओळखीपाळखीच्या पोरांना जमवून गावातून पायी फिरवतात न् जागोजागी थांबून भुताच्या गोष्टी सांगतात. आईबाप, आज्या, सगळे चालतात सोबत. फी वगैरे काही नाही, शेवटी सरांना चहा पाजायचा बस.

आईला सांगितलं तर ती म्हणे, "काय वं, भुतं पाह्यले पेट्रोल जाळून जातात का कोणी? आमच्या गावाले चिंचेवर फुकट होते." पण पिशवी सगळ्यात आधी तिचीच भरलेली.

बुऱ्हाणपूर नकाशात मध्य प्रदेशात आहे, 2003 पासून वेगळा जिल्हा पण आहे, पण आमच्याकडच्या जुन्या लोकांच्या डोक्यात ते खान्देशातच बसलेलं आहे आणि ते काही चूक नाही, फारुकी सुलतानांची राजधानी आधी थाळनेरला होती न् मग बुऱ्हाणपूरला, म्हणजे खान्देशचं तख्त तिथेच होतं. भुसावळ, फैजपूर, सावदा, रावेर, दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि रावेर सोडलं की थोड्या वेळात दुकानांच्या पाट्या हिंदीत होतात, एवढाच काय तो फरक. ताईच्या गल्लीत अर्धे लोक मराठीच बोलतात.

शाही किल्ला सूर्यास्ताला बंद होतो म्हणून सरांनी साडेचारलाच बोलावलं होतं. आम्ही मिळून सतरा-अठरा जण, त्यातली नऊ पोरं. सर एकदम बारीक, डोक्याला मफलर, हातात छत्री (पाऊस नव्हता, छत्री दाखवायला). त्यांनी आधीच नियम सांगून टाकले. किंचाळायचं नाही, मोबाईलची बॅटरी कोणाच्या तोंडावर मारायची नाही, आणि प्रत्येक गोष्ट संपली की ते विचारणार, "यात खरं किती?" मग सगळ्यांनी हात वर करून बोटं दाखवायची. सगळं खोटं वाटलं तर मूठ, सगळं खरं वाटलं तर पाची बोटं. मला ही आयडिया जाम आवडली, कारण पोरं घाबरायच्या ऐवजी हिशोब करायला लागतात.

पहिली गोष्ट किल्ल्यातल्या हमामखान्यात, म्हणजे शाही न्हाणीघरात. वर घुमटाला जुनी रंगीत नक्षी आहे, बरीच उडालीय, पण मान मागे टाकून बघितलं की अजून लाल-निळे तुकडे दिसतात. सर तिथे खालच्या आवाजात बोलायला लागले. शहाजहान दख्खनच्या मोहिमेवर इथे मुक्कामाला होता, मुमताज सोबत होती, चौदाव्यांदा गरोदर. खूप वेळ कळा चालल्या, म्हणतात तीस तास, मुलगी झाली न् आई गेली. 17 जून 1631. मुमताज 38 वर्षांची होती. ताजमहाल नंतरचा, आधी तिला इथेच तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात पुरलं होतं, सहा महिने ती तिथेच होती न् डिसेंबरात आग्र्याला नेलं. "और लोग कहते हैं," सर म्हणाले, "की रात को किले में एक औरत के कराहने की आवाज आती है।"

मग बोटं. पोरांची तीन-तीन, चार-चार. सरांनी सांगितलं, बाई खरी, तारीख खरी, कळा खऱ्या, आवाज तेवढा मी चाळीस वर्षांत कधी ऐकला नाही, म्हणजे चार बोटं. आणि आई माझ्या कानाशी, "चौदा? त्या माणसाले कोणी बोललं नाही का काही?" तिला भुताचं काहीच नव्हतं पडलेलं, तिचा मुद्दा चौदावर अडकला होता. चौदातली सातच जगली हे सरांनी सांगितल्यावर तर तिने "अरे द्येवा" म्हणून खालीच बसकण मारली, वॉचमनने शिटी वाजवेपर्यंत उठली नाही.

बाहेर पडलो तोवर अंधारायला लागलेलं. पुढची गोष्ट चालता चालता, शहजादा दानियालची, ही मोठ्याला फार आवडली. अकबराने 1601 मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला, खान्देश खालसा केला न् इथे आपला पोरगा दानियाल बसवला, त्याच्या नावावरून काही दिवस खान्देशचं नावसुद्धा दानदेश होतं (कागदावरच असणार, आमच्या पणज्यांनी काही म्हटलं नसेल). हा दानियाल पक्का दारुडा. बापाने पहारे बसवले, दारू बंद. तर याने शिकारीच्या बंदुकीच्या नळीत भरून दारू आणायला लावली, नळीत आतून गंज न् बारुदाची काजळी, ते सगळं दारूत उतरलं, ते प्यायला आणि मेला. आणि त्या लाडक्या बंदुकीला त्यानेच आधी एक नाव देऊन ठेवलेलं, त्यात जनाजा हा शब्द होता, म्हणजे तिची गोळी लागली की सरळ तिरडीच. हे त्याच्या भावाने, जहांगीरने, लिहून ठेवलंय. सर म्हणाले यात भूत नाहीये पण मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, आणि आमच्या घोळक्यातले दोन-तीन बाप उगाचच इकडेतिकडे बघायला लागले.

याच गल्लीत खरी फजिती झाली. छोटीची चप्पल तुटली. मी खाली बसून अंगठ्यात सेफ्टी पिन घालत होते, दोन मिनिटं लागली असतील, वर बघते तर घोळका गायब. डावीकडे वळलो तर परत तेच हिरवं दार. उजवीकडे गेलो, पुन्हा तेच दार. आमच्याकडे याला चकवा म्हणतात, शेतात रात्री लागतो, माणूस पहाटेपर्यंत त्याच बांधाभोवती फिरतो. छोटी म्हणे, "मम्मी, भिंत हलू राह्यली." मी हात लावला तर खरंच, भिंत थरथरत होती, आणि आतून खटाखट खटाखट खटाखट, एका लयीत, थांबतच नाही. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

मग दार उघडलं, आतून बनियनवरचा एक दादा कापसाचे तंतू झटकत बाहेर आला, मागे ट्यूबलाईटच्या उजेडात पॉवरलूम चाललेले. बुऱ्हाणपूर सगळं लूमवर चालतं हे मला माहीत होतं की, पण त्या वेळी आठवेल तर शपथ. त्याने आम्हाला घाटाच्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं.

राजघाटावर सगळे पायऱ्यांवर बसले. मच्छर इतके की सरांच्या गोष्टीला मधून मधून टाळ्या पडतायत असं वाटत होतं. पलीकडे काळाकुट्ट किनारा, जैनाबादची बाजू, आहूखाना तिकडेच कुठेतरी. आहू म्हणजे हरीण, मुघलांचा शिकारीचा बाग तो. तिथेच पुढे तरुण औरंगजेब एका दासीला आंब्याचं फळ तोडताना बघून चक्कर येऊन पडला असंही सांगतात, औरंगजेब, चक्कर, म्हणून पोरं खूप हसली.

मोठ्याला जाग आली ती मराठ्यांच्या नावाने. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये इथेच मेला, गावाबाहेर तापीकाठी त्याची छत्री (म्हणजे समाधी) आहे. आणि 1681 मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरच्या बहादुरपुऱ्यावर छापा घातला, तीन दिवस लूट चालली होती. "म्हणजे इथून आपले लोक गेले?" मोठा उभाच राहिला. तितक्यात पाण्यावर एक उजेड दिसला. खाली-वर होत, हळूहळू आमच्याकडे. होडी नाही, आवाज नाही, नुसता उजेड पाण्यावर सरकतोय. नऊच्या नऊ पोरं एका सेकंदात आपापल्या आयांच्या अंगावर, तह करणाऱ्यापासून लूट करणाऱ्यापर्यंत सगळे विसरले. उजेड जवळ आला, खोकला, आणि म्हणाला, "भैया, टाइम कितना हुआ?" ट्रकच्या ट्यूबवर बसलेला मासेवाला, डोक्याला बॅटरी बांधलेली.

हसणं थांबल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही, आणि त्या गॅपमध्ये आई सुरू झाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

म्हणे, बाळंतपणात बाई गेली की तिची अळवंतीण होते असं आमच्याकडे मानायचे. आईची आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तापीकाठचंच गाव, पावसाळा, सुईण होती पण डॉक्टर पल्याडच्या काठाला न् नदीला पूर. दोघं गेली, आत्या पण न् बाळ पण. आई तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला आठवतंय, तिरडीच्या मागे एक माणूस घरापासून मसणापर्यंत मोहऱ्या टाकत चालला होता, कारण अळवंतीण परत यायला लागली तर तिला एक-एक दाणा वेचत यावं लागतं आणि तेवढ्यात उजाडतं. आणि परत आल्यावर भावकीने उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकला, ती आत येऊ नये म्हणून.

"मग रात्री मी आजीपाशी निजली होती," आई म्हणाली, "तं ती उठली, अडकित्ता घेतला न् तो खिळा उपटू लागली. लई टाइम लागला तिले. मी म्हटलं आजी काय करू राह्यली, तं म्हणे, नीज तू. यायची असली तं येऊ दे तिले, माझीच पोर आहे ना."

लांबून लूमचा आवाज इथपर्यंत येत होता, मघाशी माझ्या लक्षात आला नव्हता. छोटीने आईचा पदर ओढला आणि सरांसारखंच विचारलं, "आजी, यात खरं किती?" आईने हात वर केला. पाची बोटं.

सरांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली न् म्हणाले आता याच्यावर मी काय सांगू, चला, चहा.

चहासोबत मावा जलेबी. ही बुऱ्हाणपूरची खास, मैद्याच्या जलेबीसारखी पिवळी कुरकुरीत नाही, मावा घातलेली, काळपट लाल, जाड, गुलाबजामची बहीण म्हणा. गरम खायची, दोनच्या वर जात नाही, मी चार खाल्ल्या. तिथेच सरांनी शेवटी असीरगडच्या अश्वत्थाम्याची गोष्ट सांगून टाकली, की कपाळावरची जखम घेऊन तो अजून गडावर फिरतो, लोकांना तेल-हळद मागतो, न् पहाटे महादेवाच्या देवळात फूल वाहून जातो. गोष्ट मोठी आहे पण तोवर पोरांच्या तोंडात जलेबी होती, बोटं चिकट, मोजणी नीट झाली नाही. छोटीचं एवढंच म्हणणं पडलं की त्याला टाके घालायला पाहिजे होते.

सकाळी खुनी भंडारा बघितला. रहीमच्या, म्हणजे दोहेवाल्या अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास केलेली पाण्याची सोय, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, शंभरच्या वर कुंड्यांमधून (विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यांमधून), बिना मोटारीचं आपोआप उतारावर गावाकडे येतं. लिफ्टने खाली उतरतात. नाव खुनी असलं तरी भुताचं काही नाही, मूळचं कुंडी भंडारा. आई खाली आली नाही, म्हणे पाण्याच्या जागी साती आसरा, पाण्यातल्या देवता, असतात, उगाच चपला घालून जाऊ नये. वर बसून तिने दुसऱ्या एका बाईला मुमताजची चौदा बाळंतपणं सांगितली.

मोठ्याने त्या रात्री यूट्यूब लावलं नाही, पण तिसऱ्या दिवसापासून परत सुरू, त्यामुळे फार काही बदललं असा दावा मी करणार नाही. छोटी मात्र आता बाथरूमला जाताना मला नाही उठवत, आजीला उठवते.

येताना भुसावळच्या अलीकडे तापीचा पूल लागतो. आई तिथे नेहमी खिडकीतून एक नाणं टाकते, तापीमाईला, आमच्या लहानपणापासून बघतोय. या वेळी तिने एक टाकलं, परत बटव्यात बोटं घालून चाचपलं न् अजून दोन टाकले.

"हे कोणाले?" मोठ्याने विचारलं, तो आजीशी बोलताना तिच्यासारखंच बोलतो.

"दोघींले," आई म्हणाली.

"अगं पण आजी, आग्र्याला नेलं ना तिला. आणि मधे हतनूरचं धरण आहे."

आईने बटव्याची नाडी ओढली. छोटी नाणी दिसतायत का बघायला खिडकीतून वाकली होती, तिला मी फ्रॉकला धरून आत ओढलं न् काच वर केली.